एकच लेटरहेड, दोन निवेदनं : सरकारदरबारी काय मागायचं यावरून समूहात होणाऱ्या भांडणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव-धुळे पट्ट्यातल्या एका कुटुंबाच्या उद्योगसमूहात मी बावीस वर्षं 'सरकारी काम' पाहिलं. कार्डावरचं पद बदलत गेलं, लायझन ऑफिसरचं मॅनेजर कॉर्पोरेट अफेअर्स झालं, पण काम तेच राहिलं. आता नोकरी सुटली. तरी फोन सुटलेला नाही, आणि हिवाळ्यात भरिताच्या पार्टीला बोलावणारा माणूस ताटात कळण्याची भाकरी वाढता वाढता हेच विचारतो. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

आमचा पसारा एवढासा. जिनिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणं), डाळ मिल, पाइपचा कारखाना. आम्हाला सरकारबाबतचं 'धोरण' कशाला हवं?

मीही असंच समजत होतो. मग एके दिवशी एका सरकारी कार्यालयात आमचीच दोन निवेदनं एकाच टेबलावर पाहिली. तोच हिरवा लेटरहेड, तोच लोगो, आवक क्रमांकसुद्धा पाठोपाठचे. एकावर जिनिंग पाहणाऱ्या आप्पांची सही, दुसऱ्यावर स्पिनिंग, म्हणजे सूतगिरणी, पाहणाऱ्या त्यांच्या पुतण्याची. दोन्हींची सुरुवात अक्षरशः एक होती : 'खान्देशातील शेतकऱ्यांच्या व्यापक हितासाठी'. कारण ती ओळ दोघांनाही मीच लिहून दिलेली. खाली मात्र आप्पांची मागणी, कापसावरचं आयात शुल्क ठेवा. पुतण्याची मागणी, ते काढा, आणि लगेच काढा.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, वर पेपरवेट ठेवला आणि म्हणाले, "आधी घरात ठरवा, मग दारात या." चहा पाजला हे खरं. पण पुढची दोन वर्षं त्या कार्यालयात आमच्या कुठल्याही कागदाकडे कुणी गंभीरपणे पाहिलं नाही. दोष सर्वस्वी आमचा होता, त्यातही बराचसा माझा.

धंदे दोन झाले की धोरण लागतं.

एकाच घरातली युनिटं सरकारकडे उलट मागण्या कशा काय घेऊन जातात?

एकाचा तयार माल हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो, म्हणून. आपल्याकडच्या धंद्यांत तर हे ठायी ठायी दिसतं.

कापूस घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये कापसावर आयात शुल्क आलं, सगळं धरून ११ टक्के. एप्रिल २०२२ मध्ये ते काही महिन्यांसाठी उठलं. मग १९ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा उठलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर ३१ डिसेंबरपर्यंत. स्पिनिंगवाल्याला बाहेरची स्वस्त रुई मिळाली, तो खूश. जिनिंगवाल्याचं पाहा. खान्देशात ठिबकवरचा पूर्वहंगामी कापूस सप्टेंबरपासूनच यायला लागतो. त्याने खेडा खरेदीत, म्हणजे गावोगाव जाऊन, कापूस घेतलाय, गाठी बांधून वखारीत लावल्यात, आणि वर गाठीचा भाव उतरतोय. शिवाय बाजार हमीभावाच्या खाली गेला (२०२५-२६ साठी लांब धाग्याला क्विंटलला ८,११० रुपये) की शेतकरी माल सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर नेतो. मग जिनिंगवाला स्वतःचा व्यापार सोडून सीसीआयच्या कापसाची सरकी काढून देणारा, जॉबवर्कवाला होतो. गाठी बांधतो, पण दुसऱ्याच्या. आप्पांना पैशापेक्षा हेच जास्त लागतं.

त्याच समूहाचं बी-खतांचं, ठिबकचं दुकान असेल तर तिसरा पक्ष तयार. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे तोच कापूसवाला शेतकरी. शेतकऱ्याच्या हातात पैसा आला नाही तर उधारी बुडते. त्यामुळे हे युनिट शुल्काच्या वादात बोलत नाही, पण मनातून आप्पांच्या बाजूचं असतं.

डाळीचं याहून वाकडं. जळगावच्या डाळ मिलला तूर हवी, ती विदर्भातली आहे की मोझांबिकची याच्याशी तिला देणं-घेणं नाही. मे २०२१ पासून तुरीची आयात मोकळी आहे आणि तिची मुदत वाढत आली आहे. मिलवाला दर वेळी मुदतवाढीची वाट पाहतो. त्याच घराने शेतकऱ्यांसोबत करार शेती केलेली असेल तर तो विभाग मुदतवाढ नको म्हणतो. त्यातून जून २०२३ मध्ये तूर-उडदावर साठा मर्यादा लागली, तेव्हा मी एक मजा पाहिली. घाऊक व्यापाऱ्याला २०० टन. मिलला मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. एकाच कुटुंबाची मिलही होती आणि ट्रेडिंग फर्मही. मिलवाला भाऊ म्हणतो, मर्यादा आहे ती बरी, व्यापाऱ्यांचे साठे बाहेर येतील, माल स्वस्त मिळेल. ट्रेडिंगवाला भाऊ म्हणतो, मर्यादा उठवायला दिल्लीला शिष्टमंडळ नेऊ. रात्री जेवायला दोघं पाटाला पाट लावून.

विजेची गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. औद्योगिक दरात शेतीच्या स्वस्त विजेचा काही भार असतो, त्यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. पाइपच्या कारखान्याला ती नकोच. वीज नियामक आयोगाच्या जनसुनावणीत त्याचा माणूस तावातावाने बोलतो. पण तो पाइप घेतो कोण? शेतकरी. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून वीजबिल माफ झालं, तेव्हा विक्री विभागाने अभिनंदनाचे फलक लावायला काढले, आणि त्याच आठवड्यात उत्पादन विभाग हरकतीचा मसुदा घेऊन माझ्यापुढे बसला होता.

पण आमच्यात मागणीवरून वाद नाही. मग भांडण का?

मग ते सुरावरून असणार. अनुभव असा की, मागणीपेक्षा सुरावरून जास्त भांडणं होतात.

ठिबकचं उदाहरण देतो. सरकारी ठिबक योजनेत लहान शेतकऱ्याला केंद्राच्या निकषाप्रमाणे ५५ टक्के अनुदान, इतरांना ४५. राज्याच्या पूरक अनुदानाने ते ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. पैसे थकले की शेतकरी विक्रेत्याच्या दारात, विक्रेता कंपनीच्या दारात. ठिबकचा युनिट हेड वैतागून म्हणतो, पत्रकार परिषद घेऊ, थकबाकीचा आकडा छापून आणू. बरोबरच आहे त्याचं. पण त्याच महिन्यात समूहाच्या फूड प्रोसेसिंग कंपनीची एमआयडीसीत शेजारचा भूखंड मिळावा म्हणून फाईल चाललेली असते. तिचा प्रमुख कपाळाला हात लावतो : "दादा, महिनाभर थांबा ना!" दादा म्हणतात, "तुझा भूखंड पळून चाललाय का? माझे विक्रेते पळून चाललेत."

दोघांचं सरकार एक, खाती वेगळी. पण पालकमंत्री एकच, आणि वर्तमानपत्राचं कात्रण कुठल्या खात्याच्या फाईलला लागेल ते आपल्या हातात नसतं. इथे मी नेहमी थकबाकीवाल्याच्या बाजूने उभा राहिलो. हक्काचे पैसे मागताना घसा खाकरावा लागत नाही. फक्त आकडा घेऊन आधी कृषी खात्याकडे लेखी जावं, तारीख टाकून. उत्तर आलं नाही तर मग छापायला हरकत नाही. भूखंडवाल्याला एवढी मुदत पुरते.

सगळं हेड ऑफिसने पाहावं की ज्याचं त्याने?

सगळं वर घेतलं की मुंबईला जाणाऱ्या माणसाला कारखान्यातलं काही कळत नाही. सगळं खाली सोडलं की माझ्यासारखी दोन निवेदनांची गत होते.

आम्ही ठेचा खाऊन बसवलेली पद्धत सांगतो. रोजचं काम युनिटचं : प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, बॉयलरची तपासणी, एमआयडीसीचं पाणी, वीज जोडणी, बाजार समितीचा सेस. जिल्हा उद्योग मित्रच्या बैठकीलाही युनिटचाच माणूस जावा, जिल्हाधिकाऱ्यांसमोर रस्त्याचा खड्डा त्यालाच नीट सांगता येतो. पण ज्या कागदात कायदा, शुल्क, कर, अनुदान किंवा दर बदलायची मागणी आहे, तो कागद घरातल्या सगळ्या युनिटांना आधी दाखवायचा. सात दिवस. कुणी हरकत घेतली नाही तर जाऊ द्यायचा. मंत्र्यांची भेट असेल तर कोण जाणार आणि काय बोलणार, हे आधी एका ओळीत लिहून.

हेड ऑफिसला एवढाच अधिकार पुरे. लेटरहेड आणि समूहाचं नाव त्याच्या ताब्यात. बाकी युनिटने आपापलं पाहावं.

खर्च कोणी उचलायचा?

उलाढालीच्या प्रमाणात सगळ्यांनी. जो एकटा देतो तो पुढे ओळखीही स्वतःच्याच समजतो.

दोन युनिटांचं हित जुळतच नाही. मग समूहाने कोणती बाजू घ्यायची?

आधी आकडे मांडा. आवाज चढलेल्या बैठकीत हे कुणी करत नाही. समजण्यापुरते आकडे धरू : शुल्क गेल्याने स्पिनिंगचे हंगामात ४० लाख वाचतात, जिनिंगचे २५ लाख जातात. म्हणजे समूह १५ लाखांनी वर. लगेच 'शुल्क काढा' म्हणायचं का? थांबा.

पहिली गोष्ट, त्या २५ लाखांची झळ कुणाला? जिनिंगच्या प्रमुखाचा बोनस नफ्यावर असेल तर तो समूहाच्या १५ लाखांसाठी गप्प का बसेल? अशा वेळी त्याचं वर्षाचं लक्ष्य तेवढ्याने खाली आणावं लागतं. हे साधं काम न केल्याने दहातली आठ भांडणं होतात, असा माझा अंदाज आहे. धोरण म्हणून दिसतं ते बऱ्याचदा बोनसचं भांडण असतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. दोन्ही युनिटं एकाच कंपनीचे विभाग असतील तर हिशेब घरातला. पण वेगळ्या कंपन्या असतील आणि एकीत बाहेरचे भागधारक असतील, तर 'समूहाच्या भल्यासाठी' तिचा बळी देता येत नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १६६ संचालकाला त्या कंपनीच्या आणि तिच्या सभासदांच्या हिताला बांधतं. काका दोन्ही बोर्डांवर असतील तर एका बैठकीत एक आणि दुसऱ्या बैठकीत दुसरं बोलायची पाळी येते. भरपाई म्हणून एका कंपनीतून दुसरीत पैसे किंवा माल वळवायचा असेल तर संबंधित पक्षांच्या व्यवहारांचं कलम १८८ आहे. सीएला आधी विचारा, मार्चमध्ये नव्हे.

आणि तिसरा मार्ग, जो मला सर्वांत आवडतो : समूहाने गप्प राहायचं. प्रत्येक प्रश्नावर आपलं मत मंत्रालयात पोहोचलंच पाहिजे असं थोडंच आहे? हित अगदी उलटं असेल तेव्हा लेटरहेड कपाटात ठेवा. जिनिंगने जिनर्सच्या संघटनेतून बोलावं, स्पिनिंगने गिरण्यांच्या संघटनेतून. समूहाचं नाव दोन्हीकडे नको.

संघटनेच्या आड गेलं की प्रश्न सुटतो का?

निम्मा. संघटनेतही हेच भांडण असतं, फक्त खुर्च्या जास्त. प्लास्टिकच्या कुठल्याही मोठ्या संघटनेत एका बाजूला रेझिन, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल, बनवणारे आणि दुसऱ्या बाजूला आपल्या जळगावच्या चटई-पाइपवाल्यांसारखे रेझिन विकत घेणारे. आयात रेझिनवर शुल्काची गोष्ट निघाली की पहिल्यांच्या तोंडी 'देशी उद्योगाचं संरक्षण', दुसऱ्यांच्या तोंडी 'लघुउद्योगाचं मरण'. बाहेरच्या देशातही वेगळं नाही. अमेरिकेच्या चेंबर ऑफ कॉमर्समधून २००९ मध्ये अॅपल आणि काही वीज कंपन्या हवामानविषयक भूमिकेवरून बाहेर पडल्या. नायकेने सभासदत्व ठेवून फक्त संचालक मंडळ सोडलं. असा अर्धा पाय बाहेर ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये स्थापलेला महाराष्ट्र चेंबर आहे, धंद्यानुसार वेगवेगळ्या संघटना आहेत. सभासद सगळीकडे व्हा. पण कुठल्या संघटनेत कुठलं युनिट बसतं आणि तिथे ते काय बोलतं, याची यादी एका वहीत हवी. तुमची कंपनी बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांत असेल तर ही हौस नाही. शेअर बाजाराची नियामक सेबी जो बीआरएसआर अहवाल (उद्योगाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल) मागते त्यात, २०२२-२३ पासून, सातव्या तत्त्वाखाली संघटनांची नावं द्यावी लागतात, आणि धोरणाबाबत जाहीर भूमिका घेतल्या असतील तर त्यांसाठीही रकाना आहे. एकाच अहवालात शुल्क ठेवा आणि शुल्क काढा अशा दोन भूमिका छापून आल्या तर विश्लेषक हसतात. खरं तर हसत नाहीत, विचारतात. ते वाईट.

"भाऊंची वर ओळख आहे, तुमच्या पद्धती कशाला?" याला काय उत्तर द्यायचं?

खान्देशात ओळख असतेच. लग्नाच्या एका मांडवात चार पक्षांचे लोक एका पंगतीला बसतात आणि त्यातला एक तरी तुमचा मामेभाऊ निघतो. मोठ्यांच्या ओळखीला मी कधी नाक मुरडलं नाही. दारं त्यांनीच उघडून दिली.

अडचण अशी की ओळख भाऊंची, आणि भाऊ एका युनिटचे. साहजिकच पहिल्यांदा त्यांच्या युनिटचं काम होतं. बाकीच्यांना वाटतं, आपण समूहाच्या नावावर जगतो आणि समूहाचं नाव मात्र एका गोदामासाठी वापरलं जातं. पुण्याहून एमबीए करून आलेला पुतण्या मग 'इन्फ्लुएन्स मॅपिंग'चा, म्हणजे कुणाचं कुठे वजन आहे याचा, तक्ता काढतो, भाऊ तो तक्ता डोळ्यांवरचा चष्मा वर करून पाहतात आणि म्हणतात, "यातले दोन तर मागच्या निवडणुकीत पडले." दोघांचंही बरोबर असतं. तक्ता वर्षाला बदलावा लागतो, आणि भाऊंची ओळख भाऊंबरोबर जाते. भेटीला जाताना भाऊंनी पुतण्याला सोबत न्यावं आणि आल्यावर पुतण्याने अर्ध्या पानाची टिपण लिहावी. आमच्याकडे हे लागू व्हायला चार वर्षं लागली. टिपण लिहिण्यापेक्षा, भाऊंनी ती वाचणं हेच अवघड गेलं.

ओळखीपलीकडे काही 'द्यावं' लागलं तर?

नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही थेट गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत कैद. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवावं लागतं. आणि कलम ९ खाली कंपनीच आरोपी होते. माणूस कुठल्या युनिटचा, हे तिथे कुणी विचारत नाही. 'तो कन्सल्टंट होता, आमचा नव्हता' हेही चालत नाही. कन्सल्टंटचं बिल कुठल्या कामाचं हे बिलावर लिहिलेलं नसेल तर ते पास करू नका, मग ते भाऊंनी पाठवलेलं का असेना.

राजकीय देणगीवरून घरात दोन तट पडलेत.

पडणारच. नियम मात्र स्वच्छ आहे. कंपनी कायद्याचं कलम १८२ : कंपनीला तीन आर्थिक वर्षं पूर्ण झालेली हवीत, बोर्डाचा ठराव हवा, पैसे रोखीत देता येत नाहीत. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा २०१७ मध्ये काढली होती. १५ फेब्रुवारी २०२४ च्या निवडणूक रोख्यांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते काढणंच रद्द केलं, म्हणजे मर्यादा परत आली. माझं मत विचाराल तर, ज्या वर्षी युनिटांत सरकारी प्रश्नावर वाद आहे त्या वर्षी कुणीच देऊ नये. द्यायचीच तर ती ज्याने त्याने स्वतःच्या खिशातून, कायदेशीर मार्गाने द्यावी, म्हणजे समूहाच्या नावावर कुणाची उधारी चढत नाही.

सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर खर्च करायचा, निधी मंत्र्यांच्या गावाकडे वळवायचा सल्लाही येतो. शाळेला वर्गखोल्या खरोखर हव्या असतील तर बांधा, गाव कुणाचंही असो. त्याच कायद्याच्या कलम १३५ चा हा पैसा पक्षाला देता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

निवृत्त अधिकारी सल्लागार म्हणून ठेवावा का?

ठेवा, पण फाईल कशी लिहावी हे शिकण्यासाठी. फोन लावण्यासाठी नको. केंद्रातले गट अ चे अधिकारी निवृत्तीनंतर वर्षाच्या आत खासगी नोकरी धरणार असतील तर त्यांना परवानगी लागते, ती घेतली का ते विचारा. आणि त्यांना कुठल्या एका युनिटच्या केबिनमध्ये बसवू नका.

आमची दोन उलटी निवेदनं गेलीच आहेत. आता?

तिसरं पाठवा. पण 'आधीची रद्द समजावीत' एवढंच लिहू नका, त्याने शंका वाढते. सरळ लिहा की समूहातल्या दोन उद्योगांचं हित या प्रश्नावर वेगळं आहे, दोन्हींचे आकडे सोबत जोडले आहेत, निर्णय शासनाने घ्यावा. आम्ही शेवटी हेच केलं, दोन वर्षं उशिरा. ज्या टेबलावर आमचे कागद पेपरवेटखाली राहिले होते तिथून पहिल्यांदा फोन आला, आणि समोरच्या बाईंनी जिनिंगचा खर्च क्विंटलमागे कसा काढला ते विचारलं. आकड्यांत आमची एक चूक होती, तीही त्यांनी दाखवली.

एखादा नमुना ठराव मिळेल का?

आमच्या वहीतला देतो, नावं घालून घ्या :

'कायदा, कर, शुल्क, अनुदान किंवा दर यांत बदल मागणारं कोणतंही निवेदन समूहाच्या लेटरहेडवर पाठवण्यापूर्वी सर्व युनिट प्रमुखांना दाखवलं जाईल. सात दिवसांत लेखी हरकत आल्यास ते समूहाच्या नावाने जाणार नाही. हरकत घेणाऱ्याने नफ्या-तोट्याचा आकडा द्यावा. संघटनांमध्ये युनिटने घेतलेली भूमिका त्या युनिटची समजली जाईल.'

'लेखी' हा शब्द आम्ही नंतर घातला. आधी आप्पा जिन्यात गाठून हरकत सांगायचे.